वेंडेल कुणासारखा खेळतो?

उस्तिंग न्हाव्याचं तोंड बंद पडलेलं गिमारास बेटावर कुणी पाहिलं नव्हतं. खुर्चीत गिऱ्हाईक असो नाही तर हातात माइक, बडबड चालूच! जत्रेतल्या बास्केटबॉलच्या सामन्यांना चाळीस वर्षं माइक त्याच्याच हाती. दुसरे लोक गुण सांगतात, हा पठ्ठ्या नव्या खेळाडूत जुना खेळाडू ओळखायचा. चेंडू पुढे नेणारा नवा गार्ड तो आपटत चार पावलं पळाला रे पळाला, की हा ओरडायचा, "अरे, हा तर दुसरा इस्को! बघा, खेकड्यासारखा आडवा पळतोय!" नाही तर, "हा दुसरा तोन्यो! पास देताना तोंड भलतीकडेच, सासऱ्याला टाळल्यासारखं!" झालं नामकरण. हे गार्ड एरवी ट्रायसिकल, म्हणजे बाजूला डबा जोडलेली भाड्याची मोटरसायकल, चालवायचे; मग ते नाव तिच्या कपाळावर रंगवायचं, ही तिथली रीतच.

वेंडेलच्या ट्रायसिकलचं कपाळ मात्र दोन वर्षं कोरं होतं. तो कुठल्या जुन्या खेळाडूसारखा खेळतो, ते उस्तिंगला सापडेचना! धक्क्यावर बाकीचे ट्रायसिकलवाले चिडवायचे, "काय रे बेवारशा, भाडं मिळालं का?" बिचारा हसायचा, पण मनाला लागायचंच.

अंतिम सामन्याच्या सकाळी तो दाढीला बसला आणि थोरल्या भावाला हाक मारावी तसं म्हणाला, "मानोंग, रंगाचा डबा आणून ठेवलाय. आज तरी सांगा."

"आज शेवटचा भोंगा वाजायच्या आत नाही सांगितलं, तर माइक खाली ठेवीन. कायमचा!"

कुणी सांगितलं होतं एवढं बोलायला? दुपारपर्यंत ही पैज सगळ्या बेटाला पाठ झाली.

सामना रंगला. वेंडेल सुसाट पळायचा, मधेच गपकन थांबायचा, अडवणारा घसरत पुढे जायचा. तेवढ्यात हा डाव्या हाताने चड्डी वर ओढायचा आणि एका पायावर उभा राहून फळीवर चेंडू मारायचा! लोक खदाखदा हसत होते. उस्तिंगला मात्र घाम फुटला होता. इस्को? छे. तोन्यो? मुळीच नाही. एक मिनिट उरलं. पोरंठोरं, म्हातारे, सगळेच ओरडायला लागले, "कोण? कोण? कोण?"

मैदानाच्या कडेला त्याची बायको पिलार केळी तळत होती. तिने झारा फेकला आणि तरातरा येऊन माइकच हिसकावला.

"डोळे फुटले का तुझे? अरे मेल्या, हा तर दुसरा उस्तिंग!"

मैदानात एकच गदारोळ! कुणी ढोल बडवला, कुणी टोप्या उडवल्या. जुनी माणसं कपाळ बडवत म्हणाली, "अगदी खरं की!" दुकानातल्या आरशासमोर जन्म गेला, पण उस्तिंगने स्वतःला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. तो पुटपुटला, तेही माइकमधून सगळ्यांनी ऐकलं, "मी... मी असा खेळायचो?"

"असाच! ती चड्डी वर ओढणंसुद्धा! निम्मे नेम चुकायचे," पिलार म्हणाली. "पण माझी केळी रोज करपायची. तुझ्यावरून नजर हलेल तर ना!" आणि माइक तिने परत त्याच्या हातात कोंबला.

भोंगा वाजला. वेंडेलचा शेवटचा चेंडू आत गेला की नाही, ते सांगायला कुणी नव्हतं. उस्तिंगने माइक खाली ठेवला होता. डोळे पुसायला त्याला दोन्ही हात लागत होते.