नळीवरचे दात

मालनताईंना घाई करायला सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी तरी सांगतोच. माझा जेवणाचे डबे पोचवायचा धंदा, आणि त्या दिवशी परळच्या पुलावर माझ्या डिझेल गाडीने मान टाकलेली. चढ आला की पिकअप गुल. मी वैतागत गाडी नायगावला त्यांच्या गॅरेजमध्ये नेली.

हे गॅरेज त्यांच्या नवऱ्याचं, गौतमचं. तो बोनेटमध्ये डोकं घालायचा, त्या पाने हातात द्यायच्या आणि त्याच्या चुका काढायच्या. गेल्या वर्षी तो गेला. आता डोकं त्यांनाच घालावं लागतं आणि पानेही त्यांनाच शोधावे लागतात. तेव्हापासून या बडबड्या बाईचं अर्धं बोलणं बंद झालंय, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

टर्बोचं गणित मला गौतमनेच समजावलं होतं. इंजिनचा धूर टर्बोचं चाक फिरवतो. जास्तीचा धूर बाजूने सोडून द्यायला एक छोटी झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात. काही गाड्यांत ती स्प्रिंगने बंद असते. हवेचं प्रेशर वाढलं की तिला दांडीने जोडलेल्या डबीतला रबरी पडदा ढकलला जातो आणि ती उघडते. माझ्या गाडीत नेमकं उलटं. व्हॅक्यूमने, म्हणजे नळीतली हवा शोषून, पडदा ओढून धरला तरच झडप बंद राहते. व्हॅक्यूम गळाला की झडप उघडी, धूर परस्पर बाहेर, आणि गाडीची बैलगाडी.

हे तपासायला हातपंप मिळतो. माझी गाडी गौतमच बघायचा, पण त्याने तो कधी वापरला नाही. डबीची रबरी नळी दातांत धरून तो हवा ओढायचा आणि टोकावर जीभ दाबून उभा राहायचा. दांडी वर जाऊन वरच राहिली तर सगळं ठीक. तेवढा वेळ त्याला बोलता येत नसे, आणि मालनताई नेमक्या तेव्हाच त्याला चार गोष्टी ऐकवून घ्यायच्या. तो नुसता डोळे वटारायचा. जीभ सुटली की आधी त्यांना उत्तर द्यायचा, मग गिऱ्हाइकाला.

त्या दिवशी ताईंनीही तसंच केलं. नळीचं टोक ओठांत धरून हवा ओढली. दांडी वर गेली आणि लगेच खाली आली. त्यांनी नळी डोळ्यांजवळ नेली आणि तशाच थांबल्या.

टोकापासून जरा आत दातांच्या खुणा होत्या, मधे एका दाताची जागा मोकळी. गौतमचा पुढचा दात तुटलेला होता. त्या खुणांवरच रबर चिरलं होतं.

मी म्हटलं, बदलून टाका आणि फेका ती. गाडीवाल्याला दुसरं काय सुचणार?

"दादा, चाळीतली खोली पाडली," त्या म्हणाल्या. "अँटॉप हिलला सामान हलवताना त्याचे कपडे वाटून टाकले. आता त्याचं म्हणून हाताला काही लागत नाही. ही नळी मला द्याल?"

मी घ्या म्हणालो.

त्यांनी नवी नळी कापून ठेवली, पण जुनी काढली नाही. ती पुन्हा तोंडात घेतली, या वेळी खोल, आपले दात त्याच्या खुणांवर बसतील अशी. चीर ओठांच्या आत गेली. त्यांनी हवा ओढली, जीभ दाबली. दांडी वर गेली आणि वरच राहिली.

तपासायचं काही उरलं नव्हतं. माझा फोन वाजला, तो मी बंद केला. ताई दांडीकडे बघत उभ्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना बोलता येत नव्हतं. आज चार गोष्टी ऐकवायची पाळी गौतमची होती, आणि त्याची वाट बघत त्या नळी सोडत नव्हत्या.