सहा बटणांचा निळा कोट

तिला सगळे टाचणीबाई म्हणायचे, कारण काम करताना तिच्या ओठांत चार-पाच टाचण्या कायम धरलेल्या असायच्या आणि त्या तशाच ठेवून ती गिऱ्हाइकाशी बोलायची. धंदा कपडे दुरुस्तीचा. पँट आखूड कर, झगा सैल कर, चेन बदल, अस्तर लाव. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. दोन शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि आरसा. तो आरसा सगळ्यांना जरा बारीक दाखवायचा, म्हणून गिऱ्हाइकं खूश असायची.

नाताळच्या भेटींबाबत तिची एक पद्धत होती. डिसेंबरात दुकानं धुंडाळत ती कधीच फिरली नाही. नोव्हेंबरभर ती फक्त कान उघडे ठेवायची. माणसं हवं ते मागत नाहीत, पण नको त्याबद्दल कुरकुर करतात, आणि टाचणीबाईला तेवढं पुरे व्हायचं. शेजारची मैत्रीण नर्स होती. रात्रपाळी करून आली की दिवसा उजेडात तिला झोप लागेना. तिच्यासाठी काळ्या जाड कापडाचा पडदा शिवून झाला होता. जावई बेकरीत कामाला, आणि त्याच्या पोटाला कुठल्याच एप्रनचे बंद पुरत नव्हते. त्याला दोन एप्रन, हातभर लांब बंदांचे. लेकीच्या कडेवर सहा महिन्यांचं बाळ, त्यामुळे किल्ली ठेवायची कुठे आणि फोन ठेवायचा कुठे असं तिला झालं होतं. टाचणीबाईने तिचे तीन झगे मागून आणले आणि प्रत्येकाला दोन-दोन खोल खिसे लावले.

घोडं अडलं होतं ते मोठ्या नणंदेपाशी.

नणंद म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर भूमिती शिकवलेली, बोलणंही पट्टीने आखल्यासारखं. दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहायची. गेल्या नाताळला टाचणीबाईने तिला बरणीचं झाकण उघडायचं यंत्र दिलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी गरम पाण्याची पिशवी. दोन्ही वस्तू जानेवारीत परत आल्या. वर शेराही होता : "उपयोगाची वस्तू ही भेट नसते, सूचना असते. तू आता म्हातारी झालीस, अशी सूचना."

टाचणीबाईला ते लागलं होतं. पण खोटं तरी काय होतं त्यात?

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी नणंद जेवायला आली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि बाई आल्या नुसता तपकिरी स्वेटर घालून. नाक लालबुंद.

"ताई, कोट कुठाय तुमचा?"

"थंडी कुठाय एवढी?" नणंद दात वाजत असताना म्हणाली.

जेवताना टाचणीबाई बघत राहिली. सूपचा वाडगा ताईंनी दोन्ही हातांनी उचलला. बोटांचे सांधे सुजलेले होते. बुटांना नाड्या नव्हत्या. आणि तो स्वेटर, डोक्यावरून चढवायचा, ताईंच्या अंगावर गेले दोन महिने तोच होता. निळा कोट, मुख्याध्यापिका झाल्या त्या वर्षी घेतलेला, ज्यात त्या रविवारी नदीकाठी ऐटीत फिरायच्या, तो कुठे दिसलाच नव्हता. फिरणंही बंद झालं होतं.

त्या कोटाला सहा बटणं होती. आणि टाचणीबाईला बटणांची भाषा कळायची.

ताई गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला तो कोट आणून द्या. त्यांना कळू न देता."

नवरा बस चालवायचा. सरळ माणूस, थाप मारायची झाली की त्याचे कान लाल व्हायचे. "म्हणजे चोरी करू? सख्ख्या बहिणीकडे?"

"उसना आणायचाय. आणि एक सांगा, ताईंच्या छातीत हृदयाचं काही मशीन बसवलंय का? लोहचुंबक लावायचेत मला."

"छातीत मशीन नाही. घशात एक घंटा आहे फक्त, शाळेची."

गळका नळ दुरुस्त करायच्या निमित्ताने तो गेला. ताई स्वयंपाकघरात चहा करत होत्या तेवढ्यात त्याने कपाटातला निळा कोट स्वतःच्या अंगात चढवला आणि त्यावर स्वतःचा रेनकोट घातला. दाराशी ताईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"पोट सुटलंय तुझं. गोड कमी खा."

"हो ताई," म्हणत तो जिना उतरला, कान बीटासारखे.

मग टाचणीबाईचं काम सुरू झालं. बेत सोपा होता. बटणं काढायची आणि बाहेरच्या पट्टीवर शोभेला तिथल्या तिथे पक्की बसवायची. बटणांची काजं शिवून बंद करायची. आत, दोन कापडांच्या मध्ये, नाण्याएवढे चपटे लोहचुंबक. कोटाच्या दोन बाजू जवळ आणल्या की आपोआप चिकटतील, आणि बघणाऱ्याला बटणं लावल्यासारखीच दिसतील. पण लोहचुंबक दुकानात आले आणि टाचण्यांचा अख्खा डबा त्यांना जाऊन बिलगला. कात्री निघेना. एवढ्यावर भागलं नाही. कोट तयार झाल्यावर तिने तो नवऱ्याच्या अंगावर चढवला, तर पहिलं, दुसरं, तिसरं बटण टक् टक् बसलं आणि चौथं जवळ येताच रुसल्यासारखं दूर पळालं. एक चुंबक उलटा शिवला गेला होता.

"हा ताईंवरच गेलाय," नवरा म्हणाला. दोघं इतकी हसली की इस्त्री बंद करायची राहून गेली.

ती उसवत बसली होती, तोच दुकानाच्या दारात साक्षात ताई उभ्या. टाचणीबाईने नर्सचा काळा पडदा ओढून कोटावर टाकला.

"माझा कोट चोरीला गेलाय," ताई खुर्चीत बसत म्हणाल्या. "धोबी नाही म्हणतो. त्याच्याशी भांडून आले. उद्या पोलिसात जाते."

नवऱ्याने तोंड उघडलं. टाचणीबाईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटलं.

"पण तुम्ही तो घालत नव्हता ना ताई?"

"घालत नाही म्हणून काय चोराने न्यावा?" ताईंचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. "रोज सकाळी कपाट उघडून हात लावते मी त्याला. तेवढंच."

 सांगून टाकावं असं टाचणीबाईला फार वाटलं. पण सांगितलं असतं तर ताईंनी तिथल्या तिथे कोट मागितला असता, आणि सूचना म्हणून तिसऱ्यांदा परत केला असता. "चार दिवस थांबा," ती एवढंच म्हणाली. "नाताळात पोलिसांनाही सुट्टी असू दे."

नाताळच्या दुपारी सगळे जमले. नर्सने पडदा उलगडला आणि तो खांद्यावर लपेटून, "मी आता सरळ मार्चमध्ये उठणार," असं जाहीर केलं. जावयाने एप्रनचे बंद पोटाभोवती दोनदा फिरवून दाखवले. लेक खिशात हात घालून घरभर राणीसारखी हिंडली. शेवटी ताईंनी आपलं पुडकं सोडलं. दोरीला घट्ट गाठ नव्हती, ओढली की सुटणारी सुरगाठ होती. टाचणीबाईने तेही मुद्दाम केलं होतं.



"हा माझा कोट आहे," ताई म्हणाल्या. "मी त्या धोब्याला दरोडेखोर म्हणाले!"

"आधी घालून बघा," टाचणीबाई म्हणाली. 

ताईंनी कोट चढवला. सवयीने बोटं वरच्या बटणाकडे गेली, आणि कुणी बघू नये म्हणून त्या खिडकीकडे वळल्या. टक्. त्या थबकल्या. मग हळूच दुसरं. टक्. नंतर पाठोपाठ उरलेली चारही. त्यांनी खाली बघितलं, कोट उघडला, पुन्हा मिटला. मग त्या वळल्या.

"ही सूचना आहे का?"

"नाही ताई. दुरुस्ती होती. ती कोटाला हवी होती, तुम्हाला नाही."

 ताई जेवायला बसल्या त्या कोट घालूनच, शेगडीशेजारी, घाम पुसत. नवऱ्याने वाढता वाढता चमचा त्यांच्या जवळून नेला आणि तो हातातून सुटून थेट ताईंच्या पोटावर जाऊन चिकटला.  ताईंनी चमच्याकडे पाहिलं, शांतपणे स्वतःचा काटा उचलला आणि खालच्या बटणावर लावून दिला.

"आता सुरी आणा," त्या म्हणाल्या, आणि हसू लागल्या. शाळेतल्या चाळीस वर्षांत कुणी ऐकलं नसेल असं ते हसू होतं. बाळ दचकून रडायला लागलं, मग तेही हसलं.

दुसऱ्या दिवशी ताई धोब्याकडे केक घेऊन गेल्या आणि माफी मागून आल्या. परतताना दुकानात डोकावल्या, खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवले. "आता ऐक. नाड्या जमत नाहीत, पाकिटाची चेन जमत नाही, आणि ते झाकणाचं यंत्र अजून असेल तर दे. लिहून घे."

टाचणीबाईने लिहून घेतलं. यादी पानभर झाली.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी ताई, टाचणीबाई आणि नवरा अशी तिघंही नदीकाठी गेली. बोचरा वारा होता. ताईंची एक जुनी विद्यार्थिनी, आता दातांची डॉक्टर, समोरून आली.

"बाई, कोट नवा घेतलात?"

"जुनाच आहे," ताई म्हणाल्या. "हिच्याकडे सुधारून घेतला." मग भर वाऱ्यात त्यांनी तो सगळाच्या सगळा उघडला आणि एका दमात मिटून दाखवला. विद्यार्थिनीने टाळ्या वाजवल्या. ताईंनी तिला आणखी एकदा करून दाखवलं.