पाण्याला पास करणाऱ्या भाभी

शिरूरच्या एसटी स्टँडमागं एक भाभी रंगीत माशांचं दुकान चालवतात. बोलताना त्यांची नजर गिऱ्हाइकाकडं नसते, टाकीकडं असते. पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी कवा भरलं?"

एकदा मी दुकानात असताना पाटसजवळ नवं हॉटेल काढणारे एक शेठ आले. उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं आणि त्यांना चाळीस मासे हवे होते. टाकी त्यांनी त्याच सकाळी भरली होती.

"मग आज मासे न्हाईत," भाभी म्हणाल्या. "माशांची घाण पचवणारे बारीक जंतू नव्या पाण्यात नसत्यात. ते वाढायला महिना लागतो."

"मेले तर दुसरे नेईन की!"

तेव्हा भाभींनी पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं. "मग तर न्हाईच देणार."

शेठ तावातावानं निघाले. भाभींनी त्यांना थांबवलं आणि आपल्या सगळ्यात जुन्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंज पाण्यासकट पिशवीत बांधून दिला. "ह्यात जंतू हायेत. तुमच्या फिल्टरमधी घाला, मासे नसले तरी रोज चिमूटभर खाद्य टाका, त्याच्यावर जंतू जगत्यात. महिन्यानं बाटलीभर पाणी आणा."

शेठ खरंच पाणी घेऊन आले. भाभींनी ते तपासलं आणि दहाच मासे दिले. बाकीचे हळूहळू.

परवा मी त्या हॉटेलात जेवायला गेलो होतो. टाकीसमोर थांबलेल्या एका पाहुण्याला शेठ सांगत होते, "आमचं पाणी शिरूरच्या भाभींनी पास केलंय."

मीही शिरूरचाच. खुर्चीत जरा ताठ होऊन बसलो.