चटणीच्या दुकानाचं कुलूप

सांगलीहून साताऱ्याला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. चाळिशीची बाई, मांडीवर कॉम्प्युटरची बॅग. शेंगा फोडून खायची आणि टरफलं स्वतःच्या पर्समध्ये टाकायची. मी फोनवर सुनेशी भांडत होते. आमच्या कारळ्याच्या चटणीची वेबसाइट उघडली की 'सुरक्षित नाही' असं दिसायचं आणि गिऱ्हाईक पळायचं. म्हणून सून वेबसाइट सुरक्षित असल्याचं सगळ्यात भारी, महागडं सर्टिफिकेट घ्यायला निघाली होती.

मी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "आवं आजी, साधंच घ्या. गिऱ्हाइकाची माहिती चोरांपासून राखणारं कुलूप दोन्हीचं सारखंच हाय. साध्यात वेबसाइट तुमच्या ताब्यात हाय का, एवढंच बघत्यात. भारीत कंपनी कुणाची, खरी का खोटी, सगळी चौकशी. तुमाला चटणी विकायचीय, सोयरीक न्हाई जुळवायची."

"आणि तुझं खोटं निघालं तर?"

"तर मला शिव्या द्या," म्हणत तिनं शेंगा पुढं केल्या.

साधंच घेतलं. 'सुरक्षित नाही' ही अक्षरं गेली, गिऱ्हाईक परत आलं. शिव्या द्यायची वेळ आली नाही. आभार मानावेत, तर ती उंब्रजलाच उतरून गेलेली. नाव मी विचारलं नव्हतं, तिनंही माझं विचारलं नाही. आम्हाला तरी कुठं सोयरीक जुळवायची होती?