गादीचा काठ

आईसाठी वृद्धाश्रम बघायला मी उंब्रजच्या पुढे गेलो होतो. तिथल्या व्यवस्थापकांनी बाग दाखवली, देवघर दाखवलं, जेवणाचा तक्ता दाखवला. सगळं छान होतं, आणि तरी मला काहीच कळत नव्हतं.

मागच्या अंगणात एक म्हातारा पिंजारी आश्रमातल्या जुन्या गाद्या उसवत बसला होता. दाढीत कापूस, भुवयांत कापूस. गादी उसवण्याआधी तो तिच्यावरून सावकाश तळहात फिरवायचा, डॉक्टर पोट तपासतो तसा. मी विचारलं, "चाचा, ही जागा कशी आहे?"

त्यानं माझा हात धरून गादीच्या कडेवर ठेवला. तिथला कापूस पार चेपला होता.

"मी लय आश्रमांच्या गाद्या भरल्यात, सायेब. मधी खड्डा आन काठ कोरा करकरीत असला, तर मानूस नुसता पडून हाय म्हनायचं. हितं काठ बसल्यात बगा. म्हंजी शेजारी कोनतरी येऊन बसतंय, बोलतंय. जागा चांगली हाय."

एवढं सांगून तो पुन्हा कामाला लागला. मी घरून पंधरा प्रश्नांची यादी लिहून आणली होती. तीत हा प्रश्नच नव्हता. मी ती घडी करून खिशात टाकली.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई कुशीवर पडून होती. मी तिच्या गादीवरून हात फिरवला. मध्ये खोल खड्डा होता. काठ कोरा करकरीत होता.

मी त्या काठावर बसलो.

आई दचकून म्हणाली, "काय रे, काय झालं?"