पुढच्या खोलीचं भाडं

सोलापुरात घर घेतल्यावर पहिले काही दिवस मला वाटत होतं, की ते माझं आहे. घर होतं सोसायटीकडे गहाण! (मी नुसता त्यात झोपत होतो.) पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. कर्जाचा हप्ता भागावा म्हणून पुढची खोली भाड्यानं द्यायचं ठरलं. तेवढ्यात कचेरीतल्या हेडक्लार्कनी कानमंत्र दिला, "घराला भाडं किती येईल ते बघून घरपट्टी बसवतात. म्युन्सिपालटीचा माणूस आला, की आपल्या घराला भरपूर नावं ठेव!"

रविवारी काखेत कातडी बॅग मारून एक गृहस्थ ओट्यावर आले.

"भाडं किती?"

हाच तो! "भाडं? आणि ह्या घराला?" मी हसलो. "अहो, छत गळतं."

"पाणी?"

"आलंच तर खारट."

"शेजार?"

"रोज भांडणं!" (शेजारीण खिडकीतच उभी होती!)

गृहस्थ उठले. "आधीच सांगितलंत, बरं झालं. मी शाळामास्तर. खोली बघायला आलो होतो."

मग म्युन्सिपालटीचा माणूस कुठाय? इतक्यात परसातून आईचा आवाज आला. मी धावलो, मागोमाग मास्तर. मागच्या दाराशी आई एका टोपीवाल्याला भाडेकरू समजून घर दाखवत होती.

"ह्यो कट्टा बगा. पोरानं माज्यासाटी बांदलाय. लई गार वारं येतंय हितं! जलमभर दुसऱ्याच्या खोलीत ऱ्हायली की वो मी. आता कुनी ऊट म्हननार न्हाय."

"भाडं किती येईल, आजी?"

"शंभराच्या खाली बोलूच नगा!"

टोपीवाल्यानं ते लिहून घेतलं आणि मला विचारलं, "मी म्युन्सिपालटीचा. आई सांगतात ते खरं का?"

'नाही' म्हटलं असतं तर दरवर्षीची पट्टी वाचली असती. पण आई माझ्याकडे बघत होती. इतकी खुलली तर ती माझ्या लग्नातही नव्हती.

"खरं आहे," मी म्हणालो. "उलट तिनं कमीच सांगितलं."

"मग मला गळतं म्हणून का सांगितलंत?" मास्तर मागून कडाडले.

पट्टी सणसणीत बसली, खोली वर्षभर रिकामी राहिली. त्या दिवशी मास्तरांना मी खोटारडा वाटलो, टोपीवाल्याला बावळट आणि आईला कर्तबगार. तिघांत चुकली ती फक्त आई!