पालकाचा जॅम

बेलापूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू टोमॅटोचा आणि पालकाचा जॅम करतात. जॅम शिजत आला की त्याचा थेंब गार ताटलीवर टाकतात आणि ताटली तिरकी धरतात. थेंब ओघळला तर जॅम अजून पातळच, म्हणून पातेल्यालाच दटावतात, "दमानं घे की, एवढी कसली घाई हाय तुला?" मग वाटीभर जॅम आमच्या घरी येतो आणि मी खाऊन संपवेपर्यंत काकू माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहतात.

परवा श्रीरामपूरला बचत गटांची फळांच्या जॅमची स्पर्धा होती. टोमॅटो चालतो म्हणाले, म्हणून काकूंनी शेजारी पालकाचीही बरणी मांडली. परीक्षक बाईंनी हिरवा जॅम चाखला, पुन्हा चमचा भरला आणि म्हणाल्या, "वा! किवीचा ना? पहिला नंबर यालाच!"

मी काकूंना कोपराने हळूच ढोसलं. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"पालक हाय, मॅडम," काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आमच्या परसातला. लिंबू अन् साखर घातली, बाकी काय न्हाई."

पालक काही फळ नाही, त्यामुळे नंबर दुसऱ्याच बाईला गेला. परतताना एसटीत मी चिडून म्हटलं, "काकू, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

काकू खळखळून हसल्या. "आवो बाई, ती किवी मी अजून बघितली बी न्हाई. राबले मी, शिजला पालक, अन् कौतुक तिचं व्हय?"